एक लेखिका, तीन नावे आणि एक विसर्ग

आमच्या ग्रंथालयाच्या देवघेव विभागात एक मागणी वही ठेवलेली असते. वाचकाने मागितलेले पुस्तक संग्रहात नसेल, तर पुस्तकाचे व लेखकाचे नाव आणि तारीख तिच्यात लिहायची आणि महिनाअखेरीस ती वही नव्या खरेदीची यादी करण्यासाठी आत, म्हणजे पुस्तके नोंदवून त्यांची सूची (तालिका) करणाऱ्या आमच्या दाखल व तालिका विभागात पाठवायची, अशी जुनी रीत आहे. या प्रकरणाची सुरुवात त्या वहीतल्या एका ओळीपासून झाली. ती ओळ अशी होती : ‘बेडेकर मालतीबाई – कळ्यांचे निश्वास – नाही.’

खरेदीच्या यादीत हे नाव चढवण्यापूर्वी माझा हात थांबला, कारण ते पुस्तक आमच्याकडे होते. एक प्रत तर काही महिन्यांपूर्वी मीच बांधणीसाठी काढून दिली होती. संग्रहात असलेले पुस्तक ‘नाही’ म्हणून वहीत लिहिले गेले होते आणि ते मागणारी व्यक्ती परत गेली होती. हे कसे घडले याचा शोध घेताना आमच्या विभागाचे सुमारे तीन महिने गेले. त्या शोधाची ही हकिगत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. हे जिल्ह्याच्या ठिकाणचे, शंभरी ओलांडलेले सार्वजनिक ग्रंथालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग होतात आणि त्यांवर शासकीय अनुदान ठरते. आमचे ग्रंथालय ‘अ’ वर्गात मोडते. पुस्तकांचे वर्गीकरण दशांश पद्धतीने केलेले आहे, त्यामुळे मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ या वर्गांकाखाली लागते. कथा-कादंबरीची कपाटे मात्र वाचकांसाठी खुली नाहीत; वाचकाने नाव सांगायचे, खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने संगणकावर पाहायचे आणि शिपायाने आतून पुस्तक आणून द्यायचे. या व्यवस्थेत वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये नोंद उभी असते. नोंद सापडली नाही तर कपाटात पुस्तक असून नसल्यासारखेच.

त्या दिवशी खिडकीपाशी काय झाले

मागणी करणारी विद्यार्थिनी स्वातंत्र्यपूर्व काळातील स्त्रियांच्या कथालेखनावर प्रबंध लिहीत होती. तिच्या मार्गदर्शकांनी दिलेल्या टिपणात लेखिकेचे नाव मालतीबाई बेडेकर असे होते आणि तिने तेच सांगितले. कर्मचाऱ्याने लेखकाच्या रकान्यात ‘बेडेकर’ टंकले, तेव्हा पडद्यावर विश्राम बेडेकर आले, समीक्षक दि. के. बेडेकर आले आणि मालतीबाईंच्या नावावरचे सामाजिक विषयावरील एक पुस्तक आले. कथासंग्रह आला नाही. मग त्याने शीर्षकाच्या रकान्यात ‘निश्वास’ टंकले. तिथे काहीच आले नाही. “मॅडम, हे आपल्याकडे नाही, वहीत लिहून घेतो,” असे त्याने सांगितले. त्याला त्याहून अधिक काही करता आले असते असे मला वाटत नाही. समोरच्या यंत्राने दोनदा ‘नाही’ म्हटले होते आणि त्याच्यामागे आठ-दहा वाचकांची रांग होती.

जाणकार वाचकाच्या लक्षात आलेच असेल, की हा संग्रह मालतीबाई बेडेकर या नावाने छापलेला नाही. मालतीबाई (१९०५–२००१) या माहेरच्या बाळूताई खरे. १९३३ मध्ये हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तो विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, स्वतः मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात इतक्या उघडपणे आली होती की महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि ही विभावरी कोण, याची चर्चा घरोघर रंगली. विश्राम बेडेकरांशी त्यांचा विवाह पुढे १९३८ मध्ये झाला. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा लेखिका बेडेकर नव्हत्याच. तीन नावांची ही बाई प्रबंधाच्या टिपणात एका नावाने येते, पुस्तकावर दुसऱ्या नावाने येते आणि चरित्रात तिसऱ्या. तिन्ही नावांची गाठ एके ठिकाणी बांधून ठेवणे हे तालिकाकाराचे काम. आमच्याकडे ती गाठ सुटली होती.

तीन प्रती, तीन नोंदी

दुसऱ्या दिवशी मी कपाटापाशी गेले. तिथे दोन प्रती शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि तिसरी दुरुस्तीच्या गठ्ठ्यात होती. तिन्हींचे दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयात येताना प्रत्येक प्रतीला मिळणारे क्रमांक, उतरवून घेऊन त्यांच्या संगणकीय नोंदी काढल्या, तेव्हा प्रत्येकीची कथा वेगळी निघाली.

पहिल्या प्रतीच्या नोंदीत लेखिकेचे नाव बरोबर होते, शीर्षकही डोळ्यांना बरोबर दिसत होते. पण ‘निःश्वास’मधला विसर्ग हा विसर्ग नव्हता. टंकणाऱ्याने त्या जागी अपूर्णविराम दिला होता. ही चूक इतकी सर्रास होते की ती चूक आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. कळफलकावर विसर्ग शोधावा लागतो, अपूर्णविराम हाताशी असतो आणि छापल्यावर दोन्ही ठिकाणी दोन टिंबेच दिसतात. संगणकाला मात्र टिंबे दिसत नाहीत, संकेतांक दिसतात. विसर्ग हा त्याच्या लेखी देवनागरी अक्षराचा भाग आहे, तर अपूर्णविराम हे दोन शब्द तोडणारे विरामचिन्ह. त्यामुळे आमच्या यंत्रात त्या शब्दाचे ‘नि’ आणि ‘श्वास’ असे दोन तुकडे झाले होते. गंमत अशी की कोणी नुसते ‘श्वास’ असे शोधले असते, तर पुस्तक लगेच हाती आले असते.

दुसऱ्या प्रतीत ‘शिरूरकर’ ऐवजी ‘शिरुरकर’ होते, आणि आडनाव व नाव यांच्यामधला स्वल्पविराम सुटल्याने लेखिका ‘विभावरी’ या अक्षरक्रमात जाऊन बसली होती. शीर्षकात विसर्गही नव्हता, म्हणजे विद्यार्थिनीने सांगितले तसेच ‘निश्वास’ होते. मग शीर्षकावरून ही प्रत तरी सापडायला हवी होती. ती सापडली नाही, कारण शेवटच्या पडताळणीत ती जागेवर न मिळाल्यामुळे तिच्यापुढे ‘गहाळ’ अशी खूण केली गेली होती आणि गहाळ प्रती शोधात दाखवू नयेत अशी प्रणालीला सूचना होती. पुढे केव्हातरी ती दुसऱ्या खणात सापडली, कोणीतरी नीट जागी लावली आणि खूण काढायची राहून गेली. पुस्तक परत जागी लावणे हे अर्धे काम असते. नोंदही परत जागी यावी लागते.

तिसऱ्या प्रतीची हकिगत मला सर्वांत बोलकी वाटते. तिची जुनी बांधणी करताना शीर्षकपृष्ठ निसटले होते. बांधणीकाराने कण्यावर जागेच्या मानाने ‘कळ्यांचे नि.’ एवढेच लिहिले होते. नोंद करणाऱ्याने कण्यावर दिसले ते उतरवले आणि लेखकाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिले. आपल्या काळात जिच्या नावाचा एवढा शोध चालला होता, तिला आमच्या संगणकाने पुन्हा अज्ञात करून टाकले होते.

चूक कुठे झाली

तीन नोंदींत मिळून चार-पाच चुका सापडल्या, तेव्हा त्या दुरुस्त करून प्रकरण मिटवता आले असते. परंतु एक प्रश्न शिल्लक राहत होता. या तिन्ही नोंदी अगदी शुद्ध असत्या, तरीही ‘बेडेकर’ शोधणाऱ्या विद्यार्थिनीला त्या मिळाल्या असत्या का? मिळाल्या नसत्या. आणि तरीही, संगणक येण्यापूर्वी या ग्रंथालयात बेडेकरांच्या नावाने हे पुस्तक मागणारी माणसे रिकाम्या हाताने जात नसत, हे मला जुन्या सहकाऱ्यांकडून माहीत होते. तेव्हा माणसांच्या लक्षात असायचे, असे एक उत्तर मिळाले. ते खरे असले तरी पुरेसे नव्हते.

उत्तर पोटमाळ्यावर सापडले. संगणकीकरणानंतर साठ खणांचे लाकडी कार्ड-कपाट तिथे नेऊन ठेवले होते आणि ते विकून टाकण्याचा विषय कार्यकारी मंडळापुढे दोनदा येऊन गेला होता. ‘ब’चा खण ओढून पाहिला, तर साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे एक पिवळट कार्ड सळईत ओवलेले होते. त्यावर ‘बेडेकर, मालतीबाई’ असे टंकलिखित होते आणि खाली शाईने, कोणाच्या तरी नेटक्या हस्ताक्षरात, ‘हेही पहा : शिरूरकर, विभावरी’. ‘ख’च्या खणात ‘खरे, बाळूताई’ यांचेही तसेच कार्ड होते. या कार्डांवर दाखल क्रमांक नव्हता, वर्गांक नव्हता, किंमत नव्हती, कारण ती कोणत्याच पुस्तकाची कार्डे नव्हती. वाचक चुकीच्या दाराशी आला तर त्याला योग्य दार दाखवणे एवढेच त्यांचे काम होते.

ही कार्डे संगणकात का गेली नाहीत, हे आता स्पष्ट झाले. संगणकीकरणाचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिले होते आणि त्याने नोंदी टंकल्या त्या कार्डांवरून नव्हेत, तर दाखल नोंदवहीवरून. त्यात त्याची लबाडी नव्हती. मोबदला प्रतीमागे ठरला होता आणि दाखल नोंदवहीत एका प्रतीला एक ओळ असते : दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, पुस्तक कोठून आले. ओळी मोजता येतात, कंत्राटात लिहिता येतात, तपासताही येतात. पण दाखल नोंदवही हा मालमत्तेचा हिशेब आहे. वाचक काय म्हणून विचारील याचा विचार तीत नसतो. तो विचार फक्त कार्ड-कपाटात साठवलेला होता, आणि त्यातही पुस्तक नसलेल्या कार्डांत. कामाचा हिशेब पुस्तकांच्या संख्येवर झाला, तेव्हा ज्या कार्डांमागे पुस्तक नव्हते ती आपोआप शून्य ठरली. या निर्णयावर आमच्या ग्रंथालयातल्या सर्वांच्या, माझ्यासुद्धा, सह्या होत्या.

वार्षिक अहवालातही हेच होते, हे येथे नोंदवते. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, देवघेव यांचे आकडे आम्ही दरवर्षी देतो. वर्षभरात ‘पहा’ची किती कार्डे लिहिली, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

नाव कोणते धरायचे

दुरुस्तीला लागण्यापूर्वी एक तत्त्वाचा प्रश्न सोडवावा लागला. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते की टोपणनावांचा पसारा कशाला हवा. लेखकाचे खरे नाव एकच, सगळी पुस्तके त्याखाली आणावीत. वरकरणी हे सुटसुटीत वाटते. मी त्याला विरोध केला आणि माझी कारणे अजूनही मला पटतात.

पहिले कारण नियमाचे आहे. आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमावलीनुसार नोंदीचा आधार पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ असते आणि लेखक ज्या नावाने मुख्यतः ओळखला जातो ते नाव धरायचे असते. एखाद्या आधुनिक लेखकाने दोन प्रकारच्या लेखनासाठी जाणीवपूर्वक दोन नावे वापरली असतील, तर दोन्ही नावे स्वतंत्र ठेवून एकमेकांशी जोडायची असतात. दुसरे कारण मराठी वाङ्मयाच्या स्वभावात आहे. कवितेसाठी आरती प्रभू आणि कादंबरी-नाटकांसाठी चिं. त्र्यं. खानोलकर, कवितेला कुसुमाग्रज आणि नाटकाला वि. वा. शिरवाडकर; चित्रपटगीतांवर वसंत अवसरे असे नाव आले तरी लिहिणाऱ्या शांता शेळके. आपल्याकडे टोपणनाव हा नुसता बुरखा नसतो, बहुतेकदा ते वेगळे घर असते. कुसुमाग्रजांची कविता मागायला आलेल्या माणसाला ‘शिरवाडकर’ या नावाखाली पाठवणे योग्य असले, तरी त्याला ते उपरे वाटते. मालतीबाईंनीही कथा-कादंबरी विभावरींच्या नावाने आणि सामाजिक अभ्यास स्वतःच्या नावाने लिहिला. ती वाटणी पुसण्याचा अधिकार ग्रंथालयाला नाही. आणि तिसरे कारण असे की १९३३ च्या वातावरणात एका स्त्रीला ते नाव का घ्यावे लागले, हा त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचाच विषय होता.

त्या सदस्यांनी शेवटी एवढेच विचारले, “दोन्ही नावांनी सापडेल ना?” सापडेल म्हटल्यावर त्यांनी संमती दिली. खरे तर त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला होता.

मग ठरले ते असे. विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही दोन मान्य नावे राहिली व त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी ‘हेही पहा’ असा दुवा दिला. बाळूताई खरे, शिरुरकर, स्वल्पविरामाविना विभावरी शिरूरकर ही रूपे ‘पहा’ या सदरात गेली, म्हणजे ती शोधणारा वाचक थेट मान्य नावाशी पोचतो. मार्क नावाच्या, ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदमांडणीत यासाठी आयत्या जागा (क्षेत्रे) आहेत : नामनोंदीत, म्हणजे लेखकांच्या नावांच्या स्वतंत्र नोंदीत, ४०० हे क्षेत्र ‘पहा’साठी आणि ५०० हे ‘हेही पहा’साठी. आमच्या प्रणालीत ही सोय पहिल्या दिवसापासून होती. ती रिकामी पडून होती, एवढेच.

पुस्तकाच्या शीर्षकाचे काम त्या मानाने सोपे होते. शुद्ध रूप शीर्षकपृष्ठावरून घेतले. तिसऱ्या प्रतीला शीर्षकपृष्ठ नसल्याने पहिल्या प्रतीशी पानोपान ताडून तिची ओळख पटवली, आणि १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ग्रंथसूची हाताशी होतीच. विसर्गाच्या जागी विसर्ग दिला. शिवाय २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात विसर्गाविना ‘निश्वास’ आणि अपूर्णविरामासह ‘नि:श्वास’ ही दोन्ही रूपे मुद्दाम घातली. अशुद्ध रूप ग्रंथालयाने स्वतःहून नोंदीत का घालावे, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. तो गैर नाही. पण वाचकही आमच्यासारखाच कळफलक वापरतो आणि त्याच्या बोटांनाही अपूर्णविरामच सापडतो. वाचकाची चूक ओळखण्याची जबाबदारी नोंदीची आहे आणि ते रूप पडद्यावर ठळक दिसत नाही, पडद्यामागे राहून काम करते.

या एका विसर्गामुळे पुढे बरेच काही उकरले गेले. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे आहेत आणि आजचा वाचक ‘गाव’, ‘नाव’, ‘काही’ असे शोधतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांकांच्या यादीत, २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई, त्यामुळे आमच्या नोंदींत सारख्या दिसणाऱ्या पण संगणकाला वेगळ्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या निघाल्या. यांपैकी बऱ्याच गोष्टी एकगठ्ठा आज्ञा देऊन दुरुस्त करता आल्या. नावांचे मात्र तसे नाही. दोन नावे एकाच माणसाची आहेत की एकसारखे नाव दोन माणसांचे आहे, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी पुस्तक हातात घ्यावे लागते, प्रस्तावना वाचावी लागते, क्वचित कोश चाळावा लागतो. पूर्वी कोणीतरी हे सगळे केले होते आणि त्याचे फळ पोटमाळ्यावर धूळ खात होते.

पुढे काय झाले

विद्यार्थिनीला आम्ही दूरध्वनी केला. तोवर तिने दुसऱ्या शहरातून पुस्तकाची छायाप्रत मिळवून ते प्रकरण लिहूनही टाकले होते. ती रागावली नाही. उलट, शिरूरकर या नावाखाली आमच्याकडे आणखी काय आहे ते तिने विचारले आणि यादी मागवून घेतली. पण तिचे प्रवासाचे दोन दिवस वाया गेले ते गेलेच, आणि आमची दुरुस्ती तिच्या कामी आली असे मी म्हणणार नाही.

नंतर ज्यांच्या कामी आली त्यांची नावे मला सांगता येणार नाहीत, कारण ज्याला पुस्तक पटकन मिळते तो वहीत काही लिहीत नाही. तिसरी प्रत नव्या बांधणीनंतर तीन वेळा देवघेवीत गेल्याचे तिच्या तारीखपत्रकावर दिसते. ते वाचक कोणत्या नावाने आले, बेडेकर म्हणून की शिरूरकर म्हणून, हे त्यावरून कळत नाही. मागणी वही मात्र मी आता महिनाअखेरीची वाट न पाहता दर शनिवारी मागवते, आणि ‘नाही’ या शेऱ्यापुढची प्रत्येक ओळ आधी कार्डांशी ताडून पाहते. पहिल्या दोन महिन्यांतच आणखी चार पुस्तके अशी निघाली, की जी आम्ही ‘नाही’ म्हणून सांगितली होती आणि जी कपाटात होती.

कार्ड-कपाट विकण्याचा विषय मंडळाने मागे घेतला. ते पोटमाळ्यावरून खाली आणून तालिका विभागात ठेवले आहे आणि दुपारी गर्दी ओसरली की आम्ही दोघीजणी एकेक खण घेऊन फक्त ‘पहा’ची कार्डे वेगळी काढतो व नामनोंदीत उतरवतो. काम धीम्या गतीने चालते. सध्या आम्ही ‘ग’च्या खणात आहोत. काल त्यात ‘गोविंदाग्रज – पहा – गडकरी, राम गणेश’ असे कार्ड मिळाले. आमच्या नव्या ठरावाप्रमाणे ते ‘हेही पहा’ व्हायला हवे, म्हणून ते बाजूला ठेवले आहे. गडकऱ्यांनी विनोदी लेखनासाठी घेतलेल्या ‘बाळकराम’ या नावाचे कार्ड ‘ब’मध्ये असायला हवे. ते तिथे आहे की नाही, हे त्या खणापर्यंत पोचल्यावर कळेल.